विहिरीचं वळण

आमच्या भागात डोंगर नाही, घाट नाही. मंगळवेढ्याची काळी रानं, ज्वारीच्या दिवसात नजर जाईल तिथपर्यंत एकसारखी सपाट, मग रस्ता एवढा नागमोडी कसा, हे बाहेरनं येणारा प्रत्येक ड्रायव्हर चहाच्या टपरीवर एकदा तरी विचारतोच. उत्तर सोपंय, बांध. मुळात ती गाडीवाट, बैलगाड्या ज्या बांधाकडेनं जायच्या त्याच बांधाकडेनं ७२ च्या दुष्काळात खडी पडली. माझ्या आज्जीनं स्वतः त्या कामावर खडी फोडलीय, अंगठ्यावर हातोडीचा वण शेवटपर्यंत होता तिच्या. तेव्हा लोकांच्या हाताला काम द्यायचं होतं, रस्ता कसा जातोय ते बघायला कुणाला वेळ होता, आणि कुणाच्या रानातनं आडवा नेला असता तर कामच बंद पडलं असतं. म्हणून शेत संपलं की रस्ता काटकोनात वळला, पुढचं शेत संपलं की परत वळला. नंतर डांबर पडलं, त्या डांबरावर परत डांबर पडलं, आणि बैलाच्या चालीला बरोबर असलेली वळणं जशीच्या तशी स्कॉर्पिओच्या वाट्याला आली.

मी डिप्लोमा सिव्हिल, सोलापुरात केला. दहा-अकरा वर्षं वेगवेगळ्या ठेकेदारांकडं साईट इंजिनिअर म्हणून फिरलोय, साईट इंजिनिअर म्हणायचं, बाकी टँकर बोलवण्यापासून मजुरांचा बाजार आणण्यापर्यंत सगळं तेच. मग आमच्याच भागातला १९ किलोमीटरचा पट्टा रुंद करायचं काम निघालं आणि मी ज्यांच्याकडं होतो त्यांनाच ते मिळालं. घरापासून साईट ४ किलोमीटर. आईला आनंद, मला धडकी. कारण त्या पट्ट्यातलं सगळ्यात वाईट वळण, ज्याला सगळे विहिरीचं वळण म्हणतात, त्याच्या आतल्या बाजूची विहीर आणि ऊस दोन्ही आमच्या चुलत्यांचं. आबांचं.

सुरुवातीला कागद बघितले. सरकारी हिशोबात ब्लॅक स्पॉट म्हणजे साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत ५ गंभीर अपघात, नाहीतर १० मृत्यू. पोलीस स्टेशनच्या नोंदीत आमच्या वळणाचे अपघात तीन. म्हणजे ते वळण ब्लॅक स्पॉट नाहीच. मी तो कागद घेऊन वळणावरच्या पंक्चरवाल्याकडं गेलो, तो वाचायच्या भानगडीत पडलाच नाही, टपरीच्या मागं घेऊन गेला आणि एक पोतं माझ्यासमोर ओतलं. नंबरप्लेटा. वाकलेल्या, अर्ध्या तुटलेल्या, दोनतीन तर कर्नाटक पासिंगच्या. लोक पडतात, उठतात, गाडी ओढत नेतात आणि प्लेट राहते. सतरा मोजल्या मी.

आणि समोर चिंच. वळणाच्या बाहेरच्या अंगाला एक जुनं चिंचेचं झाड आहे, लहानपणापासून त्याच्या खाली बसलोय पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. रस्त्याच्या बाजूची साल गेलेली. गुडघ्याच्या उंचीला फूटरेस्टचे बारीक बारीक ओरखडे, मांडीएवढ्या उंचीला कारचा पांढरा रंग घासलेला, आणि छातीच्या वर एक खोल खोबण, त्यात निळा रंग अडकलेला, तो ट्रकचा. कुठली गाडी किती उंचीवर घासते ते त्या खोडावर वाचता येत होतं. मी फोटो काढून वरती पाठवले. वरनं उत्तर आलं, झाड तोडायची परवानगी लागेल का ते बघा. म्हटलं वा.

मग सर्व्हे. वाहनांची मोजणी सात दिवस, चोवीस तास, दोन पोरं खुर्ची टाकून बसवली. या मोजणीत सगळ्या गाड्या कारच्या हिशोबात बदलतात, मोटरसायकल अर्धी कार, ट्रक तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बैलगाडी आठ. हे मी आबांना सांगायला नको होतं. "माझी बैलगाडी आठ मोटारीच्या तोडीची हाय व्हय," म्हणून त्यांनी पुढचे चार महिने पारावर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं.

वळणाची त्रिज्या काढली तर ४० मीटरच्या आसपास भरली. वळणावर गाडी बाहेर फेकली जाते, तिला धरून ठेवायला दोनच गोष्टी असतात, टायरची पकड आणि रस्त्याचा आतल्या बाजूचा उतार. आपल्याकडं सपाट भागात हा उतार जास्तीत जास्त ७ टक्के देतात. तेवढा उतार असता तरी ४० मीटरच्या वळणावर हिशोबानं वेग येतो ताशी ३३. आणि इथं उतार नव्हताच. उलट सरळ रस्त्याला पाणी निघून जायला जसा मध्ये फुगवटा आणि दोन्हीकडं उतार ठेवतात तसाच या वळणावर ठेवलेला, म्हणजे बाहेरच्या बाजूनं येणाऱ्याला रस्ताच बाहेर ढकलतोय. तसा हिशोब केला तर वेग येतो २५. सायकलवाल्यासाठी ठीक. गाड्या येत होत्या सत्तरनं.

हे ग्रामपंचायतीत सांगायला गेलो तर लोक जांभया देत होते, टक्के आणि त्रिज्या कुणाला कळणार. म्हणून सगळ्यांना वळणावर नेलं आणि पाण्याची बाटली बाहेरच्या लेनवर ओतली. पाणी सरळ चिंचेकडं गेलं. एक ओघळ तर बुंध्याला जाऊन थांबला. कुणी काही बोललं नाही, मग मागनं एक म्हातारी म्हणाली, "पाणी जातंय तिकडंच माणसं गेली की रं." त्यानंतर मला उतार या विषयावर परत कधी काही समजावून सांगावं लागलं नाही.

अडचण होती जागेची. १९ किलोमीटरचा बाकीचा पट्टा ६५ च्या वेगाला धरला होता, त्याला वळणाची त्रिज्या लागते १५५ मीटर. ४० चं वळण १५५ चं करायचं म्हणजे वळणाचा मध्य सुमारे ४८ मीटर आत, आबांच्या उसात. विहीर जुन्या वळणापासून ४५ वर. म्हणजे रस्ता विहिरीवरनंच जाणार, आणि वर सव्वा-दीड एकर जमीन. जुना रस्ता साडेपाच मीटर, नवा सात मीटर आणि दोन्ही बाजूला दीड-दीड मीटरची पक्की साईडपट्टी, त्याच्या बाहेर मातीची. जागा लागतेच.

आबा मला काही बोलले नाहीत. तीन आठवडे बोललेच नाहीत. आई म्हणाली, जाऊन ये. गेलो तर उसाला पाणी देत होते, मोटर चालू, सरीसरीला पाण्याची दारं मोडत होते. मी कट्ट्यावर बसलो. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ही विहीर तुझ्या आज्यानं आन मी खांदली. ७२ ला पानी आटलं नव्हतं हिचं. तू आता हिच्यावरनं ट्रक नेनार." मी म्हटलं भरपाई चांगली मिळती आबा, २०१३ चा कायदा आहे, जमिनीच्या किमतीवर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळती, विहिरीचं मूल्यांकन बांधकामवाले वेगळं करतात, झाडांचं वेगळं. ते म्हणाले, "पैशाला पाझर असतो का?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

ऑफिसात मी १०० मीटरचा पर्याय मांडला. १०० मीटर त्रिज्या म्हणजे ५० चा वेग, मध्य २५ मीटर आत जातो, रस्त्याची हद्द धरूनसुद्धा विहीर वाचते, जमीन जाते तीसेक गुंठे. डिझाइनवाले सुरुवातीला तयार नव्हते आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, सगळा पट्टा ६५ चा आणि मध्येच एक वळण ५० चं हे चांगलं डिझाइन नाहीच. तिथं वेग कमी करायला लावायची सगळी तयारी करावी लागेल या अटीवर ते झालं. मला तेव्हा वाटलं मी जिंकलो. ते पुढं सांगतो.

भूसंपादनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यात सांगितलं तरच सहन होतं. आमच्याकडं थेट खरेदीनं घेतली, म्हणजे वाटाघाटी करून संमतीनं. भूमी अभिलेखवाल्यांची संयुक्त मोजणी, खुणा, दगड. आणि सातबारा काढला तर त्यावर नऊ नावं. आज्याचं नाव अजून होतं, दोन आत्यांची नावं, त्यातली एक आत्या वारलेली, तिची पोरं एक पुण्यात एक विजापुरात. वारसनोंद, फेरफार, मग संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या. पुण्याच्या आतेभावानं सही करताना पंधरा वर्षांपूर्वीचं हुरड्याला न बोलावल्याचं काढलं. फक्त या एका गटाला सात महिने गेले. तेवढ्यात बाकीचे अकरा किलोमीटर खोदून झाले होते.

खोदून म्हणजे काय ते काळ्या रानातल्यालाच कळतं. आमची माती ज्वारीला सोन्यासारखी आणि रस्त्याला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात भेगेत हात कोपरापर्यंत जातो. मातीचा नमुना चार दिवस पाण्यात भिजवून त्याची ताकद खडीच्या तुलनेत काढतात, आमची दोन-अडीच टक्के आली, अशा मातीवर काहीही टाका, ती खालनं हलणार. जुन्या डांबराच्या कडेनं ज्या लांबच्या लांब चिरा दिसतात त्या याच्याच, कडेची माती ओली-सुकी होते आणि मधली होत नाही. शिवाय दरवर्षी डांबरावर डांबर टाकून रस्ता वर आणि साईडपट्टी खाली, सहा-सहा इंचाची कड तयार झालेली. समोरनं एसटी आली की मोटरसायकलवाला खाली उतरतो आणि परत वर चढताना पडतो. वळणाच्या नावानं जेवढी बोंब असते तेवढी या कडेच्या नावानं कुणी करत नाही, पण त्या पोत्यातल्या निम्म्या प्लेटा तिच्याच असाव्यात असं पंक्चरवाल्याचं मत आणि माझंही.

तर काळी माती काढायची, वरचा अर्धा मीटर चांगल्या मुरमाचा भराव करायचा, वीस-वीस सेंटिमीटरच्या थरात, प्रत्येक थराला पाणी, रोलर आणि वाळूची चाचणी. चाचणी म्हणजे थरात छोटा खड्डा काढायचा, निघालेली माती वजन करायची आणि खड्ड्यात मोजलेली वाळू भरून खड्ड्याचं आकारमान काढायचं. ९७ टक्के दबाई आली पाहिजे. नाही आली तर परत रोलर. रोलरवाला पोरगा बिहारचा, तो मला लांबनं येताना बघून स्वतःच म्हणायचा, साहेब, "नापास?" मराठीत एवढाच शब्द शिकला होता बिचारा.

आणि पाईप. हे कुठल्याच डिझाइनमध्ये नसतं. विहीर रस्त्याच्या या बाजूला आणि रान त्या बाजूला, असे आमच्याकडं किती शेतकरी. सगळ्यांच्या पाईपलाईनी रस्त्याखालनं गेलेल्या, कुणाची परवानगी नाही, नकाशा नाही, जेसीबीचं बकेट लागलं की कारंजं. पहिल्या महिन्यातच चौदा फोडल्या आम्ही. मग मी दर रविवारी मारुतीच्या देवळात बसायला लागलो, ज्याची लाईन असेल त्यानं येऊन सांगा, आम्ही भरावाच्या आधी मोठा पाईप टाकून ठेवतो, तुमची लाईन त्यातनं ओढा, म्हणजे उद्या लिकेज झालं तर रस्ता फोडायला नको. दोन रविवार कुणी आलं नाही, तिसऱ्या रविवारी ज्यांच्या लाईनी नव्हत्या तेसुद्धा आले, पुढंमागं लागेल म्हणून. दिले. नवा रस्ता सहा महिन्यांत चर मारून फोडलेला बघण्यापेक्षा ते परवडतं.

आता जी गोष्ट सांगायची नाही असं मला सांगण्यात आलं होतं ती सांगतो. ओढ्यावरची जुनी मोरी अरुंद होती, ती पाडून नवी करायची होती, अर्धी रुंदी खोदलेली आणि अर्ध्यातनं वाहतूक चालू. संध्याकाळी खड्ड्याच्या अलीकडं बॅरिकेड, रिफ्लेक्टरचे ड्रम, लाल दिवा असं सगळं असायला पाहिजे. ड्रम होते चार, पाहिजे होते बारा, मागणी दिलेली, आले नव्हते. दिव्याची बॅटरी आदल्या रात्री चोरीला गेली होती. मला हे माहीत होतं. म्हटलं एक रात्र आहे, राखणदार आहे, उद्या आणू. रात्री साडेनऊला शेजारच्या गावचा एक जण बाजार करून मोटरसायकलवरनं येत होता, समोरनं उसाच्या ट्रॉलीचा लाईट डोळ्यावर आला आणि तो सरळ खड्ड्यात. गळ्याजवळचं हाड मोडलं. पिशवीतले टोमॅटो खड्ड्यात पसरले होते, टॉर्चच्या उजेडात मला आधी ते रक्तच वाटलं. जीव वाचला. दवाखान्याचा खर्च ठेकेदारानं दिला, पोलिसात नोंद झाली नाही. मी साईटच्या रजिस्टरला लिहिलं तर दुसऱ्या दिवशी फोन आला, असलं कशाला लिहिता. म्हणजे जी तक्रार मी पोलीस स्टेशनच्या कागदाबद्दल करत होतो, तीन लिहिलेत आणि सतरा झालेत, तोच कागद आता माझ्याकडनं तयार होत होता. पान मी फाडलं नाही एवढंच. बाकी ड्रम दुसऱ्या दिवशी दुपारी आले, बाराच्या बारा. लगेच मिळत होते म्हणजे.

विहिरीचं वळण शेवटी उन्हाळ्यात हाताला लागलं. इथं मी दुसऱ्या कुणाला उभा राहू दिला नाही. सरळ रस्त्यावरनं एकदम वळणात नेता येत नाही, आधी हळूहळू वळत जाणारा तुकडा लागतो, आमच्या हिशोबानं ६७-६८ मीटरचा, आणि त्या तुकड्यातच बाहेरची कड हळूहळू उचलत न्यायची. मध्यावर पोचेपर्यंत ७ टक्के उतार पूर्ण, शिवाय वळणावर रुंदी ९० सेंटिमीटर जास्तीची, कारण लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतनं जातात. म्हणजे एका कडेपासून दुसरी कड पाऊण मीटर वर. खडीचा थर पडला तेव्हाच ते नुसत्या डोळ्यांना दिसायला लागलं आणि ऊसवाले ट्रॅक्टरवाले भांडायला आले, ट्रॉली आत कलंडेल म्हणून. त्यांचं अगदीच चूक नाही, हळू चालणाऱ्या उंच भरलेल्या गाडीला जास्त उतार नको म्हणूनच तर ७ ची मर्यादा असते. सांगून पटेना, शेवटी एकानं भरलेल्या दोन ट्रॉल्या अगदी मुंगीच्या पावलानं काढल्या, मागं आम्ही वीसेक जण चालतोय लग्नाच्या वरातीसारखे, ट्रॉली करकरली पण गेली. तिकडनं तो उतरून म्हणाला, "चालतंय की." एवढ्यासाठी तीन दिवस काम बंद होतं.

डांबर मे महिन्यात पडलं. सोलापूरचा मे, ४३ डिग्री वरनं आणि दीडशे डिग्रीचं मटेरियल खालनं, चप्पल चिकटते, डोकं चालत नाही, त्याबद्दल जास्त काही सांगण्यासारखं नाही. ताक प्यायचं आणि उभं राहायचं.

चिंच वाचली. रस्ताच २५ मीटर आत सरकला म्हटल्यावर ती आपोआप लांब राहिली. जुन्या डांबराचा तुकडा तिच्याखाली तसाच ठेवला, आता तिथं एसटी थांबते, आणि आषाढीला कर्नाटकातनं पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्या दुपारच्या विसाव्याला बसतात. सालीवरचे वण आहेत तसेच आहेत.

रस्ता चालू झाला. पहिला महिना सगळे खूश, मंगळवेढ्याला जायला दहा मिनिटं कमी लागतात वगैरे. आणि मग पडापडी सुरू झाली, पण विहिरीच्या वळणावर नाही, त्याच्या पुढं चार किलोमीटरवर शाळेच्या वळणावर. ते वळण ६० मीटरचं, दोन्ही बाजूला घरं, तिथं जागा मिळण्यासारखीच नव्हती म्हणून नुसतं रुंद करून उतार दिलेला. हिशोबानं ४१ चा वेग. हे वळण आधीही होतं आणि आधी तिथं फारसं कुणी पडत नव्हतं. का, तर आधी सगळाच रस्ता वाईट होता. माणूस खड्डे, कड, वळणं चुकवत चाळीसनं यायचा आणि चाळीसनंच वळायचा. आता आम्ही त्याला चार किलोमीटर गुळगुळीत सरळ रस्ता दिला आणि त्याच्या तोंडाला ते वळण ठेवलं. डिझाइनवाले मला विहिरीच्या वळणाच्या वेळी हेच सांगत होते, की धोका वळणात कमी आणि न सांगता आलेल्या वळणात जास्त असतो, आणि मी विहीर वाचवल्याच्या खुशीत अर्धंच ऐकलं होतं.

वेग मोजायला आमच्याकडं मशीन नव्हतं. रस्त्यावर चुन्यानं ५० मीटरवर दोन रेषा मारल्या आणि शाळेच्या कट्ट्यावर मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन बसलो, सातवीतली दोन पोरं मदतीला. ५० मीटर २ सेकंदात म्हणजे ताशी ९०. पोरांनी वहीत लिहिलेले आकडे २.१, १.९, २.३, २.०. एक पोरगं म्हणालं, सर, ती १.९ वाली माझ्या पप्पांची गाडी होती.

तो वहीचा कागद मी जोडला रिपोर्टला. सुरक्षा ऑडिटवाले आले, त्यांनीही तेच म्हटलं, फक्त इंग्रजीत. मग दोन्ही वळणांना बाणाच्या पाट्या, आधी २०० मीटरपासून आडवे पांढरे पट्टे जवळजवळ येत जाणारे, रंबलर म्हणजे चाक गेलं की खडखडणारे जाड पट्टे, कडेची पांढरी रेघ, रात्री चमकणारे स्टड, शाळेपाशी रुंद उंचवटा. रंबलरचा आवाज रात्रभर येतो म्हणून शेजारच्या दोन घरांनी मला शिव्या दिल्या, त्यांचंही खरंय, मी एक रात्र त्यांच्या ओसरीवर झोपून बघितलं, झोप लागत नाही. एक पट्टा घरापासून लांब सरकवला. पोरांनी परत मोजलं तर सव्वातीन, साडेतीन सेकंद, म्हणजे पन्नास-पंचावन्न. अजूनही ४१ नाहीच, पण पडायचं थांबलं. दिवाळीत बघतो तर बाणाच्या तीन पाट्यांवर वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छांचा फ्लेक्स. बाण झाकलेला आणि साहेब हात जोडून हसतायत. रात्री जाऊन काढला, कुणी काढला म्हणून आठ दिवस गावात चर्चा होती.

विहिरीच्या वळणाचं एक काम राहिलं होतं, दिसण्याचं. वळणाच्या आतल्या बाजूला बारा फुटी ऊस उभा असला की समोरचं काही दिसत नाही. हे तपासायची पद्धत अशी, की ड्रायव्हरचा डोळा जमिनीपासून १.२ मीटरवर धरायचा आणि रस्त्यावर १५ सेंटिमीटरची वस्तू दिसते का बघायची. मी बादली पालथी घालून बसलो आणि आबांच्या नातवाला उभी वीट घेऊन मागं मागं जायला लावलं. ५० च्या वेगाला ६० मीटरवरनं दिसली पाहिजे. तेवढी दिसत होती, रस्त्याच्या हद्दीत मोकळी जागा होती म्हणून. पण लोक ६५ नं येणार हे आता मला माहीत होतं, त्याला लागतात ९० मीटर, आणि ७० च्या पुढं पोरगं वीट-बिट सगळं उसात गडप. त्यासाठी आतल्या लेनच्या मधल्या रेषेपासून दहा मीटर मोकळं पाहिजे, म्हणजे हद्दीच्या आतलं झाडझुडूप साफ ठेवायचं आणि उसाच्या कडेच्या दोन-तीन सऱ्या नको. हे कुठल्या कागदात बसत नाही, शेत आबांचं, ऊस आबांचा. आबा बांधावर बसून सगळं बघत होते. काही विचारलं नाही त्यांनी, मीही काही मागितलं नाही. तोडणी झाल्यावर कडेच्या सऱ्यांचा खोडवा त्यांनी काढून टाकला आणि तेवढ्या पट्ट्यात हरभरा पेरला. हरभरा गुडघ्याच्या वर जात नाही. मी विचारलं तर म्हणाले, "हरबऱ्याला भाव बरा हाय आवंदा."

या फेब्रुवारीत घरी चाललो होतो, वळणावर आलो तर पक्क्या साईडपट्टीवर, नेमकी आतल्या बाजूला, पन्नास फूट लांब तूर पसरलेली. वरनं गाड्या गेल्या की आपोआप मळून निघते, आमच्याकडं नवा रस्ता झाला की पहिलं खळं त्याच्यावरच होतं. तुरीच्या कडेनं गाड्या बाजूनं जाव्यात म्हणून नारळाएवढे दगड मांडलेले, चमकणाऱ्या स्टडच्या बरोबर रेषेत. आणि चिंचेखाली टोपी तोंडावर घेऊन आबा झोपलेले.

"आबा, दगड उचला, अंधार पडायला लागलाय, कुणीतरी पडंल."

"तूर तुडवत्याल ना रं मग."

"तूर तुडवायलाच तर टाकलीय तुम्ही."

"मोटारीनं तुडवायला टाकलीय, फटफटीनं न्हाई."

मी गाडी लावली, पायानं ढकलत ढकलत दोन दगड बांधापलीकडं टाकले, तिसऱ्याला हात घातला तोवर मागं वळून बघतो तर पहिला आबांनी परत आणून जागेवर ठेवला होता.